बप्पांचं नाक

"झाकण उघडल्यावर जो पयला वास येतो ना म्याडम, तेवढाच खरा. दुसऱ्यांदा हुंगलं की नाक आपल्या मनासारखं बोलाया लागतं."

हे बप्पांचं वाक्य. माझ्या नोकरीच्या पहिल्याच सकाळी त्यांनी मला ते ऐकवलं, आणि त्यानंतर डेअरीत जो कोणी नवा माणूस येईल त्याला ऐकवताना मी त्यांना पाहिलं. बँकेचा साहेब असो, पत्रकार असो, नाहीतर मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आलेला कोणी पाहुणा असो. पत्रिका हातात राहायची आणि पाहुणा ओट्यावर उभा राहून दुधाच्या कॅनचं झाकण हुंगत असायचा. आता मी बीडला एका कचेरीत बसते, दुधाशी माझा संबंध चहापुरता उरलाय. तरी घरात दूध तापवायला ठेवलं की मी आधी पातेल्यावर वाकते. नवरा हसतो. हसू दे.

गेवराईहून तलवाड्याकडे जाताना रस्त्याला लागून एक पांढऱ्या-निळ्या रंगाची डेअरी लागते, ती बप्पांची. नाव विश्वंभर, पण आख्खा परिसर त्यांना बप्पाच म्हणतो. सायकलला कॅन अडकवून दूध गोळा करण्यापासून सुरुवात केली वगैरे त्यांचं चरित्र सांगायला मी बसलेली नाही. ते त्यांनी स्वतःच फ्लेक्सवर पुष्कळदा छापून घेतलंय.

मी बीडहून बी.एस्सी. करून गेवराईला घरी बसले होते. डेअरीत तपासणीची खोली पाहिजे अशी बँकेनं अट घातली, म्हणून बप्पांना कोणीतरी शिकलेलं माणूस हवं होतं. मुलाखत म्हणजे ओट्याच्या कडेला उभ्याउभ्या झालेलं बोलणं.

"बी.एस्सी.त दुधाचं काय शिकवलं?"

"दुधाचं नाही. रसायनशास्त्र."

"वास घ्याचं शिकवलं?"

"नाही."

"मंग कावून बीडला जातेत लोक, तेच मला कळत न्हाई," ते म्हणाले, आणि लगेच पुढे, "उद्यापास्नं या. बसभाड्याचं बघू."

राग आला होता मला. तो पुढेही रोज यायचा. पण एक सांगते, त्यांचं नाक खरंच तसं होतं. सकाळ-संध्याकाळ वस्त्या-तांड्यांवरून कॅन यायचे, माणसं रांगेत उभी राहायची. बप्पा धोतराचा सोगा खोचून ओट्यावर यायचे, झाकण उचलायचे, एकदाच हुंगायचे आणि बोलायचे. "कॅन वाळवला न्हाईस." "म्हशीला कांद्याची पात घातली का रे?" "रातचं अन् सकाळचं एकत्र केलंस." दूध बरं नसलं तर एकच शब्द: "परत." आणि हाताचा पंजा उलटा करून दाराकडे दाखवायचा. माझ्या नळ्या आणि औषधं जे सांगायची, ते बप्पांनी आधीच सांगितलेलं असायचं. दोघांत कधी फरक पडला नाही. त्यामुळे मी चिडायचे ती त्यांच्या बोलण्यावर, कामावर नाही.

आणि त्या नाकाची कीर्ती झाली ना, तिथून सगळं बिघडलं.

आधी ते बप्पा होते. मग ओट्यावरच्या लोकांनी 'शेठ' म्हणायला सुरुवात केली. मग सुपरवायझर भानुदासनं 'चेअरमनसाहेब' काढलं. भानुदास वाईट माणूस नव्हता, पण बप्पा शिंकले तरी "वा साहेब" म्हणायची त्याला सवय लागली होती. मी बप्पाच म्हणत राहिले. एकदा भानुदासनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "म्याडम, साहेब म्हणा. बाहेरची माणसं असतेत." मी म्हटलं, "बाहेरच्या माणसांना म्हणू दे. मी आतली आहे."

डेअरीचं नाव आधी गावदेवीच्या नावावर होतं. मग देवीच्या अलीकडे बप्पांचं नाव लागलं. पुढच्या वर्षी पाटी रंगवून आली तर देवी गायब. फ्लेक्सवर आधी वर पुढाऱ्यांच्या फोटोंची रांग असायची, खाली बप्पा. हळूहळू पुढारी बारीक होत गेले आणि बप्पा मोठे. गेवराईच्या नाक्यावरच्या एका फ्लेक्सवर तर त्यांच्या एका मिशीत माझी सगळी खोली मावली असती. फोनची रिंगटोन म्हणजे त्यांचंच भाषण. "माझ्या बंधू-भगिनींनो" करून फोन वाजायला लागायचा आणि बप्पा तो लवकर उचलायचे नाहीत, ऐकत बसायचे. पलीकडच्या माणसाचा फोन कट झाला की म्हणायचे, "येईल परत."

मग पिशवीची गंमत झाली. दुधाच्या पिशवीवर आधी म्हशीचं चित्र होतं. बप्पांनी म्हैस काढून तिथे आपला फोटो टाकला, फेटा बांधलेला, तुरा वर काढलेला. तो तुरा नेमका पिशवीच्या कोपऱ्यात. आता पिशवी लोक कोपऱ्यातच कापतात. सगळ्या गेवराईत रोज सकाळी बप्पांचा तुरा कात्रीनं कापला जायला लागला. ते कळल्यावर फोटो मधोमध घेतला. मग तुरा वाचला, पण रिकाम्या पिशव्या उकिरड्यावर, नालीत, बोकडांच्या तोंडात. त्यांच्या बायकोनं, आक्कांनी, एके दिवशी डेअरीत येऊन सगळ्यांसमोर ऐकवलं, "सकाळी पाणी भराया गेले तर नळाच्या डबक्यात तुमी तोंड वर करून पडलेले. म्या उचलून कोरडं केलं अन् घरी आणलं. आता कुठं ठिवू ते सांगा."

सगळे हसले. बप्पा हसले नाहीत. फोटोही काढला नाही.

पण त्यांना नुसतं हसण्यावारी नेऊ नका. याच माणसानं शेवंताबाईला गावात ठेवलं होतं. शेवंताबाई तिथल्याच एका वस्तीवरची. नवऱ्याबरोबर दरसाल उसाच्या तोडीला जायची, दसरा झाला की टोळीच्या ट्रकात बसायची ती उन्हाळ्याच्या तोंडाला परतायची. पोरगी फडात वाढत होती, शाळा अर्धीच. बप्पा एकदा म्हशीच्या बाळंतपणाला म्हणून त्या वस्तीवर गेले होते, तिथे पोरीला बघितलं आणि शेवंताला म्हणाले, "कोयता भिताडाला अडकव अन् म्हस पाळ. दूध मी घेतो." स्वतः उभं राहून तिला म्हैस बघून दिली, दुसरी तिनं पुढे स्वतः घेतली. नवरा एकटा तोडीला जायला लागला, शेवंता आणि पोरगी घरी. पोरगी सातवीत गेली. शेवंताचा कॅन रोज सकाळी रांगेत पहिल्या काही नंबरांत असायचा, आणि बप्पा तिचं झाकण उघडून म्हणायचे, "हिचं दूध हुंगायची गरज न्हाई." तरी हुंगायचे. आवडायचं त्यांना ते.

मग ती तापाची साथ आली. बप्पांना बीडला दवाखान्यात न्यावं लागलं, बरेच दिवस ठेवलं. परत आले तेव्हा वाळले होते, पण नाक्यावर भानुदासनं फ्लेक्स लावलाच, 'मृत्यूला हरवून आलेला सिंह'. सिंहानं दुसऱ्याच सकाळी ओट्यावर येऊन झाकणं उचलायला सुरुवात केली.

काही दिवसांतच माझ्या लक्षात आलं की आता फरक पडतोय. माझी तपासणी म्हणायची दूध चांगलं, बप्पा म्हणायचे परत. मी म्हणायचे हे नासायच्या बेतात आहे, ते म्हणायचे घ्या आत. आत आलेलं मी गुपचूप मागच्या दारानं बाजूला काढायचे, म्हणून टँकर कधी नासला नाही. पण परत गेलेलं चांगलं दूध मी कसं आणणार?

मला वाटलं, अशक्तपणा असेल. मग एके दिवशी माझ्या हातून बाटली फुटली. दुधातली फॅट मोजायला एक औषध लागतं, त्याचा वास इतका घाण असतो की डोक्यात जातो. बाटली फरशीवर फुटली आणि सगळे तोंडाला रुमाल लावून बाहेर पळाले, मीसुद्धा. बप्पा दारातून आत आले. फुटलेल्या काचांजवळ उभं राहून, अगदी शांतपणे इकडे तिकडे बघत म्हणाले, "काय झालं? पळालात कावून?"

मी खिडकीतून बघत होते. रुमालातूनही मला तो वास झोंबत होता.

त्याच दुपारी मी आक्कांकडे गेले. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मी सांगितलं तर हात थांबवला नाही त्यांनी. "मला ठावं हाय गं. डाळ करपून कोळसा झाली अन् हे चुलीपुढं जेवणाची वाट बघत बसले व्हते. म्या म्हणलं, डॉक्टरला सांगा. म्हणले, गावात कळलं तर माझं काय राहिलं?" मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "भ्यालेत ते. आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, कवा भ्यालेले बघितलं न्हवतं."

मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण वाईट वाटून कोणाचं दूध आत येत नाही. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या केबिनमध्ये गेले, दार लावलं आणि सरळ बोलले.

"बप्पा, तुम्हाला वास येत नाही."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

ते खुर्चीत मागे टेकले. मागे त्यांचाच फोटो, हार घातलेला. "नाक माझं हाय का तुमचं?"

"नाक तुमचं आहे. दूध लोकांचं आहे."

"उद्यापास्नं येऊ नका," ते म्हणाले. मी डबा उचलला आणि निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी गेवराईला आमच्या दारात डेअरीची जीप उभी. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब म्हणले, म्याडमला घेऊन ये, बस चुकली असंल त्यांची." असा माणूस. जायला सांगायचा आणि जाऊही द्यायचा नाही.

वास येत नसताना ते दूध परत कसं करायचे, हे मला पुढे कळलं. रोज काहीतरी परत गेलंच पाहिजे, नाहीतर लोक म्हणतील नाक मऊ पडलं. मग ते माणसाच्या तोंडाकडे बघायचे. जो बिचकलेला दिसेल, ज्याचा कॅन पोचे आलेला असेल, जो उलट बोलणार नाही, त्याचं परत. पुढाऱ्याच्या मेव्हण्याचं कधी परत जायचं नाही. शेवंताबाईचा कॅन जुना होता, आणि ती कधी उलट बोलायची नाही. एक दिवस बप्पांनी तिचं झाकण उचललं, हुंगलं आणि हात उलटा केला. "परत."

ती म्हणाली, "बप्पा, आत्ता काढलंय."

"मला शिकवतीस?"

मी ओट्यावर जाऊन तपासणीची नळी दाखवली. म्हटलं, दूध चांगलं आहे. भानुदास म्हणाला, "म्याडम, नळीला काय कळतंय." दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. डेअरीचा नियम बप्पांनीच केलेला, ज्याचं दूध असं लागोपाठ परत जाईल त्याचं नाव बंद. शेवंताबाईचं नाव बंद झालं. आणि बप्पांनी परत केलेलं दूध म्हटल्यावर दुसरी डेअरीही घेईना, त्या नाकाची एवढी कीर्ती. म्हशींना चारा कुठून घालणार? दसरा जवळ आलेला. नवऱ्यानं मुकादमाला सांगितलं, या साली आमी दोघं येणार, पोरगी बी संगं. भिताडाचा कोयता खाली आला.

मला हे सगळं तिच्याच तोंडून कळलं, गेवराईच्या बाजारात. ती रडली नाही. म्हणाली, "पोरीला सांगितलं म्या, पुस्तकं संगं घे. फडात कवा वाचती, पर घे." मी आक्कांकडे गेले, आक्का बप्पांकडे गेल्या. बप्पा म्हणाले, "एकदा परत म्हणलं की परत."

टोळीचा ट्रक निघायच्या आदल्या दिवशी डेअरीत बप्पांचा सत्कार होता. कुठल्यातरी मंडळानं त्यांना 'दुग्धमहर्षी' ठरवलं होतं. अंगणात मांडव, खुर्च्या, स्पीकरवर हॅलो हॅलो. सकाळचं संकलन लवकर उरकून कॅन आत गेले होते. बप्पांना फेटा बांधून झाला होता आणि गेवराईचा फोटोग्राफर त्यांच्याभोवती फिरत होता. तो म्हणाला, "साहेब, झाकण हुंगतानाचा एक पाहिजेच. त्याच्याबिगर मजा न्हाई."

ओट्यावर कॅन नव्हता. तेवढ्यात शेवंताबाई फाटकातून आत आली, डोक्यावर तिचा पोचे आलेला कॅन. कॅन मुळात डेअरीनंच दिलेला, तोच परत करायला आली होती. तिनं तो ओट्यावर ठेवला आणि काही बोलायला तोंड उघडलं, तर फोटोग्राफर म्हणाला, "मावशी, जरा बाजूला व्हा. कॅन राहू द्या."

बप्पांनी झाकण उचललं. डोळे मिटले, मान थोडी वर, झाकण नाकाशी. फोटो निघाला. मी माझ्या खोलीच्या दारात उभी होते, तिथपर्यंत डिझेलचा भपकारा आला.

बप्पांनी डोळे उघडले. समोर बरीच माणसं, सगळी त्यांच्या तोंडाकडे बघणारी. काहीतरी बोलायलाच पाहिजे होतं. ते म्हणाले, "बगा. आंबूस. म्हणून परत करत व्हतो मी हिचं दूध."

"एकदम आंबूस, साहेब," भानुदास म्हणाला.

"हितवर येतोय," मागून कोणीतरी म्हणालं. फोटोग्राफरनंही मान हलवली. बिचाऱ्याचे पैसे बाकी होते.

शेवंताबाई गोंधळली. तिला यात काही डाव करायचा नव्हता हो. ती हळूच म्हणाली, "बप्पा, दूध कुठलं त्यात. दूध बंद झाल्यावर दिरानं इंजिनाला डिझेल आणलतं त्यातून. राखेनं घासला म्या, वास जाईना. तेच सांगाया आलते, की हा कॅन दुधाला लावू नका."

स्पीकर तेवढा चालू होता.

बप्पांनी झाकणाकडे बघितलं. मग ते पुन्हा नाकाशी नेलं. त्यांना दुसऱ्यांदा हुंगताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग भानुदाससमोर धरलं.

"भानुदास, कशाचा वास हाय?"

भानुदासनं बप्पांकडे बघितलं, शेवंताकडे बघितलं. "तुमी म्हणता तसाच, साहेब."

"मी म्हणतो तसा म्हंजे?"

"आंबूस."

बप्पा पुढच्यासमोर गेले. तो म्हणाला आंबूस. त्याच्या पुढच्यानं दोन्हीकडून सांभाळलं, "जरा आंबूस, जरा डिझेलावानी." फेटा बांधलेला माणूस झाकण घेऊन एकेकासमोर जात होता आणि जो तो त्याचं तोंड बघून उत्तर देत होता. शेवटी माझ्यापर्यंत आले आणि झाकण माझ्यासमोर धरलं.

"म्याडम."

"डिझेल, बप्पा."

"लई हाय?"

"इथं दारापर्यंत येतोय."

ते ओट्याच्या कडेवर बसले. खाली पाय सोडून, जसं सायकलवाल्या दिवसांत बसत असतील तसे. मग भानुदासला म्हणाले, आणि आवाजात राग नव्हता, "म्हंजे बे, उद्या मी मेलो तरी तुमी म्हणताल, साहेब झोपलेत."

"ताप आला तवापास्नं मला काय बी वास येत न्हाई," बप्पा म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "गुलाबाचा न्हाई, शेणाचा न्हाई. हिचं दूध चांगलं व्हतं. म्या नुसत्या अंदाजानं परत केलं. आणखी ज्याचं ज्याचं केलं, त्याचं बी." मग शेवंताकडे वळून, "संध्याकाळी दूध आण."

शेवंताबाई म्हणाली, "संध्याकाळी म्हशी बघाया गिऱ्हाईक येणार हाय, बप्पा. उद्या ट्रक हाय आमचा." आणि ती गेली. कॅन तिथेच राहिला.

सत्कार झाला. म्हणजे सुरू झाला. दुपार कलल्यावर पाहुणे आले, नारळ फुटला, एक वक्ता उठला आणि बप्पांच्या नाकावर बोलायला लागला, त्याला सकाळचं कोणी सांगितलंच नव्हतं. तो बोलत असताना माझं लक्ष व्यासपीठाकडे गेलं तर मधली खुर्ची रिकामी. बप्पा फेट्यासकट जीपमध्ये बसून वस्तीवर गेले होते.

तिथे काय झालं ते शेवंताबाईनंच मला मागाहून सांगितलं. गिऱ्हाईक अंगणात म्हशीचे दात बघत होतं. बप्पांनी त्याला उठवून लावलं नाही. म्हणाले, तुमचं चालू द्या, मला शेवंताशी बोलायचं हाय. आणि खाली मातीत बसले. तिच्या नवऱ्याला म्हणाले, चूक माझी हाय. मोठ्या माणसाकडून असं ऐकायची नवऱ्याला सवय नव्हती, तो गिऱ्हाइकाकडेच बघत राहिला. शेवंताबाई मात्र बोलली. म्हणाली, "अन् पुन्हा तुमी परत म्हणलात, तर? म्हशी एकदा ठिवल्या अन् ट्रक गेला, की मंग मी कुठं जाऊ?"

"मी म्हणणारच न्हाई. तुझं झाकण तूच हुंगायचं अन् तूच सांगायचं. म्याडम नळीत बघतील. मी मधी न्हाई."

"अन् म्या खोटं बोलले तर?"

"सकाळी एवढ्या माणसांत खरं बोललेली तू एकटी," बप्पा म्हणाले. मग थांबून म्हणाले, "अन् त्या म्याडम. पर त्या तर रोजच बोलतेत."

हे ऐकताना मला इतकं बरं वाटलं की मी शेवंताबाईला चहा पाजला.

त्या संध्याकाळी मांडव सोडायचं काम चाललं होतं आणि बप्पा ओट्यावर उभे होते. फेटा अजून डोक्यावर, विसरले असतील. रांग संपत आली तरी शेवंताचा पत्ता नव्हता. मी मुद्दाम नळ्या धुवायला वेळ लावला. मग फाटकातून ती आली, डोक्यावर शेजारणीचा मागून आणलेला कॅन, मागे पोरगी. बप्पांनी झाकणाला हात लावला नाही. तिनं स्वतः उघडलं, हुंगलं आणि म्हणाली, "चांगलं हाय." माझ्या नळीनंही तेच सांगितलं. पोरीला कळेना सगळे एवढे का खूश झालेत.

नवरा दुसऱ्या दिवशी एकटाच ट्रकात बसला. शब्द दिला होता त्यानं. शेवंताबाई आणि पोरगी राहिल्या.

तेव्हापासून आमच्या डेअरीत ज्याचं दूध त्यानं हुंगायचं, अशी पद्धत पडली. मला वाटलं होतं लोक वाटेल ते सांगतील. काहींनी सांगितलंही, ते माझ्या तपासणीत सापडायचे आणि रांगेतली बाकीची माणसंच त्यांची इतकी टर उडवायची की दुसऱ्यांदा हिंमत व्हायची नाही. पण पुष्कळ जण ओट्यावर येऊन आपणच म्हणायचे, "बप्पा, आज जरा आंबूस वाटतंय, नेतो घरी." बप्पांना त्याचं फार अप्रूप. आक्कांना घरी जाऊन सांगायचे. ज्यांची नावं त्यांनी अंदाजानं बंद केली होती, त्यांच्या दारात ते एकेक करून गेले. काही जण परत आले, एक-दोघांनी चहासुद्धा विचारला नाही. तेही बप्पांनी ऐकून घेतलं.

आता माणूस पार बदलला असं म्हणाल तर तसं नाही. पिशवीवरचा फोटो तसाच राहिला. मी एकदा म्हटलं, बप्पा, म्हैस परत आणा. तर म्हणाले, "म्हशीपेक्षा मी काय वाईट दिसतो का?" रिंगटोन मात्र गेली. फोन वाजला की पटकन उचलायला लागले.

बीडच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की नाकाला रोज सराव द्या, येईल हळूहळू, नाही तर नाहीही येणार. आक्का रोज सकाळी त्यांना डोळे मिटून बसवायच्या आणि लवंग, लसूण, लिंबू नाकापुढे धरायच्या. बप्पा ठोकून द्यायचे, "लवंग." आक्का म्हणायच्या, "लसूण हाय." ते चिडायचे नाहीत. ओट्यावरही मधूनच शेवंताच्या कॅनवर वाकायचे आणि विचारायचे, "सरकीच्या पेंडीचा वास येतोय का गं?" भानुदास मागून "येतोय की साहेब" म्हणायचा, जित्याची खोड त्याची. बप्पा हात वर करून त्याला थांबवायचे. शेवंता झाकण हुंगायची, विचार करायची आणि म्हणायची, "न्हाई बप्पा. आज काहीच न्हाई." बप्पा मान हलवायचे आणि पुढच्या कॅनकडे जायचे. असं पुष्कळ महिने चाललं.

मला बीडची नोकरी लागली ती त्याच्या पुढच्या हिवाळ्यात. शेवटच्या सकाळी मी माझ्या बाटल्या नव्या मुलीला समजावून देत होते आणि दारातून ओटा दिसत होता. थंडी होती, माणसं काखेत हात घालून उभी. शेवंताबाईनं कॅन ठेवला, झाकण उघडलं. बप्पा सवयीनं वाकले.

आणि तसेच राहिले, वाकलेले.

"शेवंते," ते म्हणाले, "धूर हाय का?"

"हाय की साहेब," भानुदास म्हणाला.

"तू थांब बे. शेवंते, तू सांग."

शेवंताबाईनं झाकण नाकाशी नेलं. मला आठवतंय, तिनं घाई केली नाही. पुन्हा एकदा कॅनवर वाकून बघितलं. धुराचं दूध आमच्याकडे घेत नाहीत, हे तिला रांगेतल्या कोणाहीपेक्षा जास्त माहीत होतं.

"हाय, बप्पा," ती म्हणाली. "गोठ्यात डास लई झालते, म्हणून कडू लिंबाचा पाला जाळला व्हता. मला कळलंच न्हाई, माझ्या नाकात रातभर तोच. हाय धूर."

बप्पांचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला त्यांनी काही केलं नाही. एवढ्या माणसांसमोर डोळे पुसले. मग ताठ उभे राहिले, तिच्या हातून झाकण घेतलं, दुसऱ्या हाताचा पंजा उलटा केला आणि पहिल्या दिवसांतल्यासारखे खणखणीत म्हणाले, "परत."

"नेते की," शेवंताबाई म्हणाली. ती हसत होती. "खवा करते पोरीला."

"मला बी आण थोडा."

तिनं कॅन डोक्यावर घेतला आणि फाटकाकडे निघाली. बप्पा झाकण हातात घेऊन उभेच होते. ते घ्यायचं राहिलं म्हणून ती चार पावलं जाऊन परत आली, तरी त्यांनी ते लगेच दिलं नाही. म्हणाले, थांब जरा, आणि आणखी एकदा हुंगलं.